माडी कुणाला हवी होती

कोरेगावपासून बैलगाडीनं तासाभरावर आमचं घर आहे, आणि त्या घराला माडी आहे ती माझ्या एका खोट्या बोलण्यामुळे. येणारेजाणारे मान वर करून म्हणतात, "काय हौसेनं बांधलीय हो माडी!" तेव्हा मी पदर तोंडाला लावते. लोकांना वाटतं, म्हातारी लाजली. हौस माझी होती आणि नाव मी नवऱ्याचं सांगितलं होतं, तेही तो शेकडो कोस लांब असताना. एवढा गाढवपणा करायला अंगात हुशारी लागते. ती माझ्यात भरपूर होती. सोळा-सतरा वर्षांची, मराठी चौथी पास, सांगलीकडची. सासरच्या त्या खेड्यात आपल्याइतकं शहाणं कुणीच नाही, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

माडीचं वेड मी माहेराहून आणलं होतं. माझे वडील सांगलीजवळ माधवनगरला गिरणीत मागावर होते. आम्ही एका दुमजली घरातल्या खालच्या खोलीत राहायचो आणि वर घरमालक. मधे फळ्या, फळ्यांवर माती. वरून कुणी पाय आपटत गेलं की फटींतून ती माती आमच्या ताटात गळायची. घरमालकाची मुलगी माझ्याच वयाची. आम्ही जेवायला बसलो की तिला नेमकी दोरीच्या उड्या मारायची लहर यायची. आई ताटावर आडवा हात धरून वाढायची आणि मी भाकरी झटकत मनाशी म्हणायची, एक दिवस मी वर राहीन. आपण वर गेल्यावर खाली कोण असेल, एवढा पुढचा विचार काही त्या भाकरी झटकणाऱ्या पोरीच्या डोक्यात आला नाही. चौथीपर्यंतच शिकली होती, तिचा तरी काय दोष.

लग्न होऊन आले तर सासरी वर-खाली असं काही नव्हतंच. तीन खणांचं बुटकं घर, एका अंगाला गुरं, दुसऱ्या अंगाला चूल आणि मधे माणसं. सासरे, सासूबाई, थोरले दीर, थोरल्या जाऊबाई, त्यांची तीन पोरं आणि आता मी. नवरा पलटणीत. लढाई चालू होती. तो सुट्टीवर यायचा तेव्हा एवढ्या माणसांत आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायला कोपरा मिळायचा नाही. दिवसभर मी त्याचा सदरा बघायची, नाहीतर पाठ. त्याच्याच पगारातून गावाच्या कडेच्या मोकळ्या जागेत नवं घर बांधायचं ठरत होतं.

आम्ही दोघं शेजारी-शेजारी बसून निवांत बोललो ते एकदाच, आगगाडीत. त्याची सुट्टी संपली आणि माझी पहिली पंचमी आली, म्हणून मला माधवनगरला सोडून तो तसाच पुढं मिरजेहून पलटणीत जाणार होता. कोरेगावला गाडीत बसलो. समोरच्या बाकावर एक म्हातारा झोपलेला, बाकी डब्यात आमच्याकडं बघणारं कुणी नव्हतं. मला वाटलं, आता हा काहीतरी गोड बोलेल. तो बोलला घराबद्दल.

"घर एकमजलीच घालायचं," तो म्हणाला. "आईचं गुडघं गेल्यात. जिना केला तर ती वर चढल्याबिगर ऱ्हायाची न्हाई. घरातल्या एकूण एक भिंतीवर हात फिरवल्याशिवाय तिला झोप येत न्हाई. उंबरापन बुटका ठिवायचा. तिला पाय उचलाय लागू नये."

"मला माडी पायजे," मी म्हणाले.

"कशाला? वर बसून कावळं हाकायचं हाईत?"

मी खिडकीकडं तोंड केलं ते किर्लोस्करवाडी गेली तरी वळवलं नाही. तो दोनदा म्हणाला, "रुसलीस व्हय?" तिसऱ्यांदा म्हणाला नाही. चण्याची पुडी घेऊन माझ्या मांडीवर ठेवली आणि आपणही दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत बसला. नवऱ्याबरोबरचा तो एवढा एक प्रवास, आणि तो मी रेल्वेच्या तारांवर बसलेले पक्षी बघण्यात घालवला. माधवनगरला उतरून त्यानं मला वडिलांच्या हवाली केलं. गाडी सुटताना दारात उभा राहून हात केला. मी हात केला की नाही, ते आता आठवत नाही. केला असं मी पुढं कैक वर्षं स्वतःला सांगत आले आहे.

दिवाळी सरली आणि नव्या जागेवर पायाचा चर खणायला सुरुवात झाली. संध्याकाळी गवंडी सासऱ्यांकडं आला. हातात दोरी, कपाळाला आठी.

"आबा, येकदा काय ती ठरवा. येकमजली आसंल तर चर हाय एवढा बास. माडी घालायची तर चर रुंद काढाय लागतोय, दगड जास्त लागतोय. मागनं भिंतीनं पोट सोडल्यावर माज्या नावानं बोंबलू नगासा."

सासरे म्हणाले, "ज्याच्या पगारावर घर हुतंय, त्याच्या मनात काय हाय? कुनाजवळ काय बोललाय का त्यो?"

थोरल्या दिरांनी मान हलवली, नाही. मग सगळ्यांनी आत, माझ्याकडं बघितलं. म्हणजे दाराच्या फळीकडं, कारण मी फळीमागं उभी होते. आमच्यात सुनेनं सासऱ्यांशी समोरासमोर बोलायचं नसे. ते हाताच्या अंतरावर असले तरी मी सासूबाईंच्या कानाशी सांगायचं, सासूबाईंनी ते मोठ्यानं त्यांना सांगायचं आणि त्यांनी उलट सासूबाईंना विचारायचं. सगळ्यांना सगळं ऐकू येत असायचं. तरी रीत ती रीत.

सासूबाई भिंतीला धरून उठल्या, फळीमागं आल्या. "काय गं, तुझ्याजवळ बोलला हुता का घराचं?"

मी म्हणाले, "व्हय आत्याबाई. माडी पायजे म्हनलं."

"माडी? कशाला म्हनला?"

एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागतो, हे मला तिथल्या तिथं कळलं. मी म्हणाले, "वर वारं चांगलं लागतं म्हनलं."

सासूबाईंनी फळीबाहेर तोंड काढून जाहीर केलं, "माडी पायजे म्हनलाय. वारं खायाला."

सासरे मोठ्यानं हसले. "पलटनीत जाऊन सायब झालाय की लेकाचा!"

चुलीपाशी थोरल्या जाऊबाई भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वारं कुनाला खायाचंय त्ये कळतंय की आमास्नी. सांगलीचं वारं लय गार असतंय म्हनं."

माझे कान तापले. पण सासूबाई तिकडं लक्ष न देता म्हणाल्या, "असूं दे. लेकरानं कवा काय मागितलं न्हाई. येक माडी मागितलीया, ती करायची." आणि खाली बसता बसता दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्यांनी 'आई गं' म्हटलं. ते मी ऐकलं. ऐकूनही मी आत जाऊन, माडीला खिडकी पूर्वेला असावी की दक्षिणेला, याचा विचार करत बसले.

पलटणीत पत्र लिहायचं काम घरात माझ्याकडंच होतं. सासरे सांगायचे, सासूबाई मला सांगायच्या, मी लिहायची. माडीची बातमी तेवढी माझ्या हातून लिहायची राहून गेली. तो सुट्टीवर आला की म्हणेन, आबांनीच ठरवलं. आबांसमोर उभा राहून तो 'मी म्हणालोच नव्हतो' म्हणाला तर काय करायचं, तेही मी ठरवून ठेवलं होतं. रडायचं. खोटं बोलणारी सगळी माणसं धरून चालतात तसं मीही धरून चालले होते, की ज्याच्या नावावर खपवलं तो एक दिवस दारात येणार आणि आपल्यावर रागावणार. त्या रागाची मी तयारी करत होते. खरं सांगायचं तर वाटच बघत होते.

भिंती खालच्या मजल्याच्या डोक्याला आल्या तेव्हा तार आली. ती घेऊन शाळेचे मास्तर बांधकामाच्या जागेवरच आले, कारण सासरे तिथं होते. आम्ही बायका मातीला पाणी घालत होतो. मास्तरांनी सासऱ्यांना बाजूला नेलं. सासरे खाली बसले. एवढंच दिसलं आणि एवढंच पुरलं. ब्रह्मदेशात. त्यापलीकडं तारेत काही नव्हतं. कुठल्या गावी, कुठल्या वेळी, कुणी त्याचं डोकं मांडीवर घेतलं का, काही नाही. गवंडी भिंतीवर उभा होता, हातात ओल्या मातीचा गोळा. काम थांबव असं कुणी त्याला म्हणालं नाही, आणि तो गोळा भिंतीवर ठेवायचाही त्याला धीर होईना. तो तसाच हातात धरून माणूस उभा.

माझ्या बांगड्या फोडल्या त्या थोरल्या जाऊबाईंनी. वारं खाण्यावरून मला टोचणारी बाई ती. काचेचा तुकडा मला लागू नये म्हणून तिनं माझ्या मनगटाभोवती स्वतःचा पदर गुंडाळला होता.

माधवनगरहून वडील न्यायला आले. मी म्हणाले, येते, पण घरावर छप्पर चढू द्या. लोकांनी माझं कौतुक केलं. पोर गुणाची म्हणाले. गुणाची पोर मनात म्हणत होती, आता तरी तोंड उघड. आता माडी नको. एकदा खरं सांग आणि मग जा.

ती वेळ उन्हाळ्याच्या शेवटी आली. वळवाचे ढग यायला लागले होते. भिंती उघड्या उभ्या, पांढऱ्या मातीच्या. एक मोठा पाऊस पडला असता तर सगळ्या वाहून गेल्या असत्या. गवंडी पुन्हा आला. या वेळी दोरी नव्हती हातात, आवाजही खालचा.

"आबा, हितंच माळवद घालू का? भिंती झाकाय पायजेत."

थोरले दीर म्हणाले, "आबा, हितंच झाका. वर आता कोन ऱ्हानार हाय? लढाईपायी लाकूड मिळंना. वरच्या मजल्याला तुळया आनायच्या कुठनं?"

सासऱ्यांनी ढगांकडं बघितलं. मी फळीमागं होते. सासूबाई माझ्याजवळच बसल्या होत्या. मी खाली वाकले. 'आत्याबाई, ते तसं म्हणाले नव्हते', एवढंच सांगायचं होतं. शब्द ओठावर होते, अगदी ओठावर.

तेवढ्यात सासूबाईंनीच माझा हात धरला. नुसता, बांगड्या नसलेला. म्हणाल्या, "बरं झालं गं तुझ्याजवळ तरी बोलून गेला. न्हाईतर आमाला काय कळलं असतं त्याच्या मनात काय हुतं? जाताना आमच्याजवळ येक सबूद बोलला न्हाई बग. जातो म्हनला, गेला."

मी वाकले होते ती तशीच सरळ झाले.

बाहेर सासरे म्हणाले, "त्यानं आयुष्यात येक मागितलं. माडी हुनार. लाकूड न्हाई तर हिरीवरचं जांभूळ पाडा."

त्या जांभळावरून तो लहानपणी विहिरीत उड्या टाकायचा. ही गोष्ट मला लग्नात आलेल्या प्रत्येक बाईनं सांगितली होती. सगळ्यात उंच फांदीवरून हा एकटाच उडी घ्यायचा, आणि तिथं उभा राहून आधी आईला हाक मारायचा, बघ म्हणून. ती हातातलं काम टाकून धावत यायची, तोंडाला पदर लावून बघायची, तो पाण्यातून वर आला की त्याला चार शिव्या द्यायची आणि परत कामाला जायची. ते झाड पाडताना सासूबाई बांधावर उभ्या होत्या. कुऱ्हाडीचा आवाज विहिरीतून उलटा यायचा. झाड पडलं तेव्हा त्या म्हणाल्या, "जाऊ दे. त्याच्याच कामाला लागतंय." मी त्यांच्या मागं उभी होते. तिथं तरी बोलायचं. झाड पडल्यावर बोलून काय उपयोग, असं मी स्वतःला समजावलं. झाड पडायच्या आधी, आत्ता नको, असं समजावलं होतं. मला कुठल्याही वेळेला पुरेल एवढी अक्कल होती, म्हटलं ना.

माडी झाली. पाऊस यायच्या आत झाली. जिना भिंतीच्या कोपऱ्यातून काढलेला, अरुंद, चढा, पायऱ्या हातभर उंच. वर एक खोली, पूर्वेला खिडकी. पलटणीतून आलेली त्याची पत्र्याची पेटी तिथं ठेवली. खाली पोरं दाटीवाटीनं झोपायची, पण वर झोपायला कुणी जायचं नाही. तशी कुणी बंदी केली नव्हती. मी माहेरी गेले नाही. वडील दोनदा येऊन गेले, मी काही ना काही कारण सांगितलं. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. खरं बोलायचं ते काम अर्धं टाकून मला जाता येत नव्हतं, आणि पुरंही करता येत नव्हतं.

सासूबाई मात्र वर जायच्या, रोज. सकाळी झाडायला आणि संध्याकाळी दिवा ठेवायला. हातात दिवा असला की तो एक पायरी वर ठेवायच्या, मग दोन्ही हात टेकून गुडघा वर घ्यायच्या, मग दुसरा, मग पुन्हा दिवा उचलून पुढच्या पायरीवर. रांगतं मूल जिना चढतं तशा.

मी म्हणायची, "आत्याबाई, मी ठिवते दिवा."

"नगं. त्यानं हौसंनं मागितलीया. त्याच्या माडीत मीच जानार."

खाली मी चुलीपुढं असायची. वर त्यांची पावलं सरकत जायची, फरफटत, थांबत. फळ्यांतून बारीक माती गळायची माझ्या ताटात. मी ती झटकत नसे.

लढाई संपली. गावातली पलटणीतली पोरं एकेक करून परत आली. कुणाला मिशा आल्या, कुणी हिंदीत बोलायला लागलं. प्रत्येकजण येऊन सासूबाईंच्या पाया पडायचा आणि त्या प्रत्येकाला एकच विचारायच्या, "तुमची भेट झाली हुती का रं? काय बोलला का त्यो?" कुणाचीच भेट झाली नव्हती. एकानं त्यांचं मन राखायला म्हटलं, "तुमची लय आठवण काढायचा." त्यांनी लगेच विचारलं, "म्हंजी काय म्हनायचा?" पोरगं इकडं तिकडं बघत चहा पिऊन उठलं.

तो चहा मीच केला होता. आतून ऐकत होते.

त्याच पावसाळ्यात एका संध्याकाळी मला वरून पावलं ऐकू येईनात. जिन्याशी गेले. सासूबाई मधल्या पायरीवर बसल्या होत्या. दिवा शेजारी. वर जाता येईना, खाली उतरता येईना. गुडघा अडकला होता. तोंड घामानं भिजलं होतं.

"मी धरते, खाली चला," मी म्हणाले.

"वर जायाचं हाय मला."

"आत्याबाई, नका जाऊ वर."

"का? त्याची माडी हाय."

मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसले आणि सांगितलं. माडी माझी होती म्हणून सांगितलं. आगगाडी, चणे, माझं रुसणं. 'आईचं गुडघं गेल्यात' म्हणाले ते. जिना केला तर ती चढल्याबिगर ऱ्हायाची न्हाई म्हणाले ते. उंबरा बुटका ठेवायचा, तिला पाय उचलाय लागू नये, तेही. सांगताना मी त्यांच्याकडं बघितलं नाही. त्यांच्या पावलांकडं बघत होते. टाचांना भेगा होत्या आणि भेगांत माडीची माती.

मी थोबाडीत बसायची वाट बघत होते. बसली असती तर मी आजही तो गाल कौतुकानं चोळत बसले असते. खाली जाऊबाई पोरांना जेवायला हाका मारत होत्या. पोरं येत नव्हती. दिव्याची वात तडतडली तशी सासूबाईंनी ती बोटानं पुढं सारली.

मग त्यांनी विचारलं, "गुडघ्याचं म्हनला हुता?"

"व्हय."

"त्यानं बगितलं हुतं व्हय? मी तर त्याच्या म्होरं कदी कन्हले न्हाई."

मी रडायला लागले. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. पकड घट्ट होती, दुखेल इतकी. आणि त्या म्हणाल्या,

"माज्या ल्येकाचं माज्यासाठीचं बोलनं तू येकलीनं दडवून ठिवलंस व्हय गं? इतकी वरसं? मी गावभर इचारत हिंडले आन् तू चुलीम्होरं बसून ऐकलंस. आता रडू नगंस. रडलीस तर तुला बोलाय यायाचं न्हाई. बस हितं, आन् पयल्यापासनं सांग. गाडीत बसला, मग काय म्हनला?"